हौदातले आलू आणि टमाटरवरचा करपा: नागपूरच्या एका सामाईक भाजीबागेचं प्रकरण

पार्श्वभूमी

नागपूरच्या एका ले-आउटमध्ये रहिवाशांनी मोकळ्या प्लॉटवर भाजीबाग केली आहे. जागा साधारण चार हजार चौरस फूट, माती काळी, पाणी बोअरवेलचं. अकरा घरांचे अकरा वाफे, एक माळी सकाळ-संध्याकाळ येतो, आणि प्लॉटच्या टोकाला विटांचे दोन खताचे हौद आहेत. घराघरातला ओला कचरा त्यातच पडतो. जागा आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत.

आधीच्या हिवाळ्यात यातल्या दोन वाफ्यांत आलू लावले होते. बेणं म्हणून बाजारातले खायचेच बटाटे वापरले. नोव्हेंबरच्या सुरुवातीला लागवड झाली आणि फेब्रुवारीत काढणी. काढणीच्या वेळी जमीन पार वाळली होती. काळ्या मातीचं हे नेहमीचंच आहे: ओली असली तर फावड्याला चिकटते आणि वाळली तर ढेकळं निघतात. सुपारीएवढे बटाटे त्या ढेकळांच्या पोटातच राहतात. मोठे माल म्हणून वेचले गेले, बारके कोणी शोधले नाहीत.

उन्हाळ्यात त्या दोन वाफ्यांवर हिरवी शेडनेट ताणून पालक आणि सांबार (कोथिंबीर) घेतला, त्यामुळे तिथे रोज पाणी होतं. पावसाळ्यात भेंडी आणि चवळी झाली. ऑक्टोबरमध्ये हौदातलं खत अकराही वाफ्यांत पसरलं आणि पाच वाफ्यांत मिळून टमाटरची 64 रोपं लावली. बाकी वांगी, मिरची, मेथी आणि फुलकोबी.

अडचण कशी उभी राहिली

नोव्हेंबरच्या शेवटी टमाटरच्या ओळींमध्ये बटाट्याची रोपं दिसू लागली. मोजली तेव्हा 26 भरली: आधीच्या वर्षीच्या दोन आलूच्या वाफ्यांत 8, बाकीच्या वाफ्यांत विखुरलेली 14 आणि हौदांच्या कडेला 4. त्या वेळी ती वीतभरही उंच नव्हती. माळ्याने उपटायची का म्हणून विचारलं. एका काकूंचं म्हणणं पडलं, “राहू दे भाऊ, फुकटचे आलू कोणाला नको आहेत?” सगळ्यांना ते पटलं. या प्रकरणातला पहिला निर्णय तो हाच, आणि तो निर्णय आहे असं तेव्हा कोणाला वाटलंही नाही.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आभाळ आलं. तीन दिवस झिमझिम पाऊस आणि नंतर दोन दिवस सकाळी धुकं. दिवसाचं तापमान 23 अंशांच्या आसपास, रात्रीचं 14 ते 15. पानं सकाळी अकरापर्यंत ओली राहत होती. पाचव्या दिवशी हौदाजवळच्या एका बटाट्याच्या रोपावर काळपट, तेलकट डाग दिसले. दुसऱ्या दिवशी ते शेजारच्या वाफ्यातल्या टमाटरवर होते. आठवडा संपता संपता टमाटरची 9 रोपं डागाळली होती, त्यातल्या पाचांच्या खोडावर तपकिरी पट्टे पडले होते.

रोग नेमका कोणता

इथे दोन दिवस गेले, कारण तीन वेगवेगळे अंदाज बांधले गेले. कोणी म्हणालं थंडीने पानं करपली. कोणी म्हणालं हा नेहमीचा करपा आहे, दरवर्षी येतो. तिसरा अंदाज उशिरा येणाऱ्या करप्याचा होता. तो बरोबर होता, पण तो अंदाजच होता.

नागपूरकडे टमाटरवर जो करपा वरचेवर दिसतो तो लवकर येणारा करपा, म्हणजे अल्टरनेरिया बुरशीचा. तो खालच्या जुन्या पानांवर सुरू होतो, डाग कोरडे असतात, त्यात एकात एक वर्तुळं असतात आणि भोवती पिवळी कड येते. तो सावकाश चढतो. उशिरा येणारा करपा, फायटोप्थोरा इन्फेस्टन्स या बुरशीसारख्या जीवाचा, वेगळा दिसतो. डाग पानाच्या टोकाशी किंवा कडेला सुरू होतात, पाण्याने भिजल्यासारखे दिसतात, वर्तुळं नसतात, आणि नवी-जुनी सगळी पानं धरतो. थंड आणि ओल्या हवेत तो चार-सहा दिवसांत नवी पिढी काढतो. नागपूरच्या कोरड्या हिवाळ्यात त्याला अशी संधी कमी मिळते, म्हणून इथली माणसं त्याला ओळखत नाहीत.

फरक कळायला प्रयोगशाळा लागत नाही. डागाळलेली तीन-चार पानं पारदर्शक पिशवीत ओल्या कागदासोबत ठेवली, तोंड बांधलं आणि पिशवी घराच्या गार कोपऱ्यात रात्रभर ठेवली. फ्रीजमध्ये नाही, उन्हातही नाही. सकाळी पान उलटं केलं तर डाग आणि हिरवा भाग जिथे मिळतात तिथे पांढरी, बारीक लव उगवली होती. डागाच्या मध्यावर काही नव्हतं, फक्त त्या कडेला. लवकर येणाऱ्या करप्यात अशी पांढरी लव येत नाही. इथे ओळख पक्की झाली.

काटोलकडे संत्र्याचा बगीचा असलेल्या एका सभासदाला फायटोप्थोरा हे नाव माहीत होतं, कारण संत्र्याच्या डिंक्यामागे (बुंध्यातून डिंक गळण्याच्या रोगामागे) तेच नाव असतं. घरच्या संत्र्याला धोका आहे का, अशी शंका त्यामुळे निघाली. नाव एक असलं तरी जाती वेगळ्या आहेत. डिंक्याच्या जाती मातीतून मुळं आणि बुंध्यावर येतात. बटाट्यावरची जात पानांवरून हवेने पसरते आणि संत्र्याला धरत नाही. तिला बटाटा आणि टमाटर हवेत. वांग्यावर ती क्वचित येते आणि मिरचीला जवळपास नाहीच.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय, काहीही न उपटता फक्त फवारणी. तो लगेच बाद झाला. टमाटरच्या दाटीत वाढलेल्या बटाट्याच्या झुडपात औषध आतपर्यंत पोचत नाही, आणि तिथे रोज नवे बीजाणू तयार होत असताना बाहेरच्या पानांवर थर देऊन उपयोग नव्हता.

दुसरा पर्याय, बटाट्याचा पाला जमिनीलगत कापायचा आणि खालचे बटाटे जानेवारीत काढायचे. फुकटच्या आलूंचा मोह अजून सुटला नव्हता. पण मातीतलं बेणं जिवंत असेपर्यंत पुन्हा कोंब काढतं, आणि कोवळ्या फुटीला करपा जास्त लवकर लागतो. शिवाय कापताना झटकलेल्या पाल्यातून बीजाणू मातीवर पडतात आणि उथळ बटाट्यांपर्यंत पाण्याबरोबर उतरतात.

तिसरा, सगळं साफ करायचं, टमाटरसुद्धा. मोठ्या शेतात खोडांवर लाग असताना हा विचार करावा लागतो. इथे 64 पैकी 55 रोपं अजून स्वच्छ होती आणि फळांनी लदली होती.

तणनाशकाची गोष्टही निघाली. ग्लायफोसेट टमाटरच्या ओळीत मारलं तर टमाटरही जातो, आणि 2022 मध्ये सरकारने त्याचा वापर फक्त परवानाधारक कीड-नियंत्रण चालकांपुरता ठेवला होता. विषय तिथेच संपला.

ठरलं ते असं: बटाट्याची सगळी 26 रोपं बेण्यासकट काढायची, खोडावर लाग असलेले टमाटर उपटायचे, फक्त पानांवर डाग असलेल्यांची पानं काढायची आणि उरलेल्यांवर संरक्षक फवारणी करायची.

औषधावर खरी वादावादी झाली. संत्रावाल्या सभासदाच्या घरी डिंक्यासाठी आणलेलं मेटॅलॅक्झिल आणि मॅन्कोझेब या बुरशीनाशकांचं अर्धं पाकीट पडून होतं आणि तो ते द्यायला तयार होता. ते घेतलं नाही, आणि त्यामागची कारणं नोंदवण्यासारखी आहेत. मेटॅलॅक्झिलला दाद न देणारे या रोगाचे प्रकार भारतात बऱ्याच वर्षांपासून आहेत, त्यामुळे भरवसा उरतो तो मुख्यतः त्यातल्या मॅन्कोझेबवर. दुसरं कारण जास्त व्यवहाराचं होतं. फवारणीनंतर किती दिवस तोडणी करायची नाही हे लेबलावर लिहिलेलं असतं, पण अकरा घरं रोज टमाटर तोडतात तिथे ते कोण पाळणार? अर्ध्या, उघड्या, वर्षभर पडलेल्या पाकिटाबद्दल तर बोलायलाच नको.

बोर्डो मिश्रण नागपूरकरांच्या हातचं आहे. एक टक्क्यासाठी 100 ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) पाच लिटर पाण्यात प्लास्टिकच्या बादलीत विरघळवायचं, 100 ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या पाच लिटरमध्ये फोडून गाळायचा, दोन्ही एकत्र ओतत ढवळायचं आणि स्वच्छ लोखंडी खिळा त्यात बुडवून पाहायचा. खिळ्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी आहे. मिश्रण त्याच दिवशी संपवायचं. पण ढगाळ, गार हवेत ते हळू वाळतं आणि टमाटरच्या कोवळ्या पानांवर चट्टे पाडू शकतं. म्हणून कॉपर ऑक्सिक्लोराइड 50 टक्के घेतलं, दहा लिटर पाण्याला 25 ग्रॅम. तेही रोग बरा करत नाही. स्वच्छ पानावर थर असेल तर वर पडलेला बीजाणू रुजत नाही, त्याचं काम एवढंच.

काय केलं

निर्णय झाला त्या दिवशी अजून ढग होते आणि संध्याकाळी पावसाचा अंदाज होता. पानं वाळेपर्यंत थांबायचं की ओल्यातच काढायचं? ओल्या रोपांमध्ये वावरलं की हात, कपडे आणि अवजारांवरून रोग पुढे जातो. थांबलं तर आणखी एक रात्र बीजाणू तयार होतात, आणि सकाळी हवा कोरडी होऊ लागली की ते सुटून उडतात. इथे काम दोन भागांत वाटलं. डाग पडलेली रोपं त्याच दिवशी, स्वच्छ दिसणारी बटाट्याची रोपं दुसऱ्या दिवशी दुपारी.

डागाळलेल्या प्रत्येक रोपावर आधी कचऱ्याची मोठी काळी पिशवी वरून टोपीसारखी घातली, मग बुडाशी आवळून रोप काढलं आणि पिशवी तिथेच उलटी करून बांधली. उपटून, हातात धरून प्लॉटभर फिरवत नेणं हीच सगळ्यात मोठी चूक असते आणि बहुतेक ठिकाणी तीच होते. काम स्वच्छ वाफ्यांकडून आजारी वाफ्यांकडे केलं. शेवटी खुरपी आणि फावडं साबणाच्या पाण्याने धुतलं.

बटाटे काढताना नुसतं खोड ओढलं नाही. रोपापासून वीतभर लांब फावडं सरळ उतरवून पूर्ण गड्डा उचलला, माती हाताने फोडली आणि जुनं बेणं सापडल्याशिवाय खड्डा बुजवला नाही. आता रोपं महिन्याभराची झाली होती, लिंबाएवढे नवे बटाटे धरले होते, म्हणून एका रोपाला दहा-बारा मिनिटं गेली. वीतभर उंचीवर हेच काम खुरप्याने दोन मिनिटांचं होतं, कारण तेव्हा शोधायचं ते एकच बेणं असतं.

याच खोदकामात प्रकरणाचा रोख बदलला. तोवर सगळ्यांचं बोट आधीच्या वर्षीच्या वाफ्यांकडे होतं. पण 26 पैकी फक्त दोन रोपांचं बेणं पाऊण वीत खोल, जुन्या ढेकळात रुतलेलं निघालं. बाकी 24 रोपांचं बेणं एक-दोन इंचांवर, खताच्या थरात होतं. त्यात अर्धे कापलेले बटाटे होते, जाड सालींचे डोळे असलेले तुकडे होते. ते स्वयंपाकघरातून हौदात आणि हौदातून वाफ्यात आले होते.

थंड देशांत जमिनीत राहिलेला बटाटा हा करप्याचा एका हंगामातून दुसऱ्या हंगामात जाणारा पूल मानतात आणि तिथे ते खरं आहे. नागपुरात मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत जातो तेव्हा उघड्या जमिनीत राहिलेले बटाटे बहुतेक सुकतात किंवा कुजतात, आणि त्यांच्यासोबत रोगही मरतो, कारण ही बुरशीसदृश जात मुख्यतः जिवंत पेशींवरच टिकते. भारताच्या मैदानी भागात ती टिकते शीतगृहात, दोन ते चार अंशांवर ठेवलेल्या बटाट्यांत. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये घरात येणारा आलू बहुतेक शीतगृहातला असतो. त्यातला कोंब आलेला, डाग असलेला आपण खात नाही, आपण तो हौदात टाकतो. म्हणजे नेमका रोगाची शक्यता जास्त असलेला बटाटाच बागेत जातो.

काढलेल्या बटाट्यांपैकी हौदाजवळच्या रोपाचे तीन कापून पाहिले. सालीखाली तांबूस-तपकिरी, रवाळ भाग आत शिरत गेलेला होता, कडा ठळक नव्हती. बाकीचे स्वच्छ निघाले. हिरवे पडलेले सोडून ते घराघरात भाजीला गेले. डागाळलेले बटाटे आणि सगळी बारीक बेणी जुन्या पातेल्यात उकळली, मगच टाकली. हिवाळ्यातल्या उन्हात पिशवीतला पाला आठ-दहा दिवसांत मरतो, पण अख्खा बटाटा त्याला पुरून उरतो.

टमाटरची पाच रोपं उपटली. त्यावरची चांगली दिसणारी हिरवी फळं लोकांनी चटणीला नेली. त्याच दिवशी वापरली ती ठीक होती. पिकायला ठेवलेल्यांवर मात्र चार दिवसांत कडक, तपकिरी, तेलकट चट्टे आले. उरलेल्या रोपांची जमिनीपासून फूटभरापर्यंतची पानं काढली, काड्यांना बांधून मोकळी केली. फवारणी पाऊस थांबल्यावर, पानं कोरडी असताना, पानाच्या दोन्ही बाजूंनी केली. त्याला दहा लिटरच्या आसपास द्रावण लागलं. सात दिवसांनी पुन्हा. पाइपने वरून संध्याकाळी पाणी मारणं बंद करून सकाळी बुडाशी द्यायला लावलं. माळ्याच्या सवयीमुळे हे शेवटचं सगळ्यात अवघड गेलं.

निकाल

पुढच्या दहा दिवसांत आणखी 8 रोपं गेली. सगळी पहिल्या डागाळलेल्या ओळींच्या लगतची. त्यानंतर नवा डाग नाही. 51 रोपांनी मार्चपर्यंत फळ दिलं, खालच्या पानांवर लवकर येणारा करपा होता तो वेगळा.

याचं श्रेय फवारणीला किंवा खोदकामाला पूर्ण देता येत नाही. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आभाळ साफ झालं, दुपारचं तापमान 28 अंशांवर गेलं आणि पानं सकाळी आठलाच कोरडी होऊ लागली. अशा हवेत हा करपा आपणच थांबतो. ढग आणखी आठवडाभर राहिले असते तर 51 चा आकडा बराच खाली आला असता. उपटण्यामुळे निश्चित मिळालं ते एवढं की पुढच्या ढगाळ दिवसांसाठी बागेत रोगाचं घर उरलं नाही.

तीन आठवड्यांनी पाच ठिकाणी बटाटा पुन्हा फुटला. पाचही जागा पहिल्या दिवशीच्या, जिथे ओल्या मातीत खोड मध्येच तुटून बेण्याचा तुकडा आत राहिला होता. ती फूट चार इंचांची असतानाच खुरप्याने त्या तुकड्यासकट काढली.

काय वेगळं करता आलं असतं

सगळ्यात स्वस्त वेळ नोव्हेंबरची होती. 26 रोपं, वीतभर उंची, कोरडी हवा, रोग नाही: एका माणसाचं तासाभराचं काम. ठेवायचीच होती तर ती टमाटरपासून दूर, एका वाफ्यात असायला हवी होती आणि टमाटरइतकीच फवारली जायला हवी होती. फुकटच्या रोपाकडे कोणी लक्ष देत नाही, त्यामुळे प्रत्यक्षात हे होत नाही. उपटणं बरं.

त्याआधीची वेळ फेब्रुवारीची. काढणीच्या पाच-सहा दिवस आधी हलकं पाणी देऊन वाफसा (चिखल न होता माती फुटेल इतकी ओल) आल्यावर खोदलं असतं तर ढेकळं फुटली असती आणि बारके वर आले असते. काढणीनंतर आठवड्याने एक पाणी आणि दुसरी खोदणी, त्यात उरलेले निघतात. मग एप्रिल-मे वाफा उघडा, ढेकळं उलटी करून उन्हात. इथे नेमकं उलट झालं: शेडनेट आणि रोजचं पाणी. खोल निघालेली दोन बेणी बहुधा त्यामुळेच वाचली. उन्हाळी पालक हवाच असेल तर तो दुसऱ्या वाफ्यात घ्यावा. ज्यांना खात्रीच करायची आहे त्यांनी वाफा भिजवून 25 मायक्रॉनचा पारदर्शक प्लास्टिक कागद ताणावा, कडा मातीत दाबाव्या आणि चार ते सहा आठवडे ठेवावा. काळा कागद नको, त्याखाली माती तितकी तापत नाही.

हौदासाठी या बागेने नियम केला: कच्चा बटाटा, कोंब आलेला बटाटा आणि डोळे असलेली जाड साल हौदात नाही. आधी उकळायचं किंवा बारीक चिरून कडक वाळवायचं. रोज थोडा थोडा कचरा पडणारा विटांचा हौद आतून तापत नाही. बटाटा मरायला ढीग काही दिवस 55 अंशांच्या वर राहावा लागतो आणि तो एकदम भरून, उलटून केलेल्या मोठ्या ढिगातच राहतो. नियम पाळला जातो का, हे तपासायला हौदाची कडा पुरते: तिथे बटाट्याचं रोप दिसलं की कुठल्या तरी घरातून चुकतंय.

पुढच्या हंगामात आलू हवे असतील तर बेणं प्रमाणित घ्यावं, प्रत्येक बेणं लावण्याआधी बघावं, आणि वाफा टमाटरच्या वाफ्यापासून जितका लांब जाईल तितका न्यावा. जुन्या दोन वाफ्यांत आता दोन-तीन वर्षं आलू, टमाटर, वांगी, मिरची यातलं काहीच घ्यायचं नाही असं ठरलं आहे. उशिरा येणाऱ्या करप्यासाठी इतकी सक्ती लागली नसती. ती लवकर येणाऱ्या करप्यासाठी आहे, जो वाळलेल्या पाल्यावर मातीत टिकतो. तिथे मेथी आणि वाटाणा लावला आहे.